मर्यादा म्हणजे गुलामगिरी, म्हणे!

वाढ म्हणजे स्वातंत्र्य आणि मर्यादा म्हणजे गुलामगिरी, एवढे दोन ओळींचे तत्त्वज्ञान घेऊन एक गृहस्थ सध्या आमच्या भागात व्याख्याने देत फिरत आहेत. बोलतात छान. टाळ्या कुठे घ्यायच्या हे त्यांना कळते, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची आडसाली उसाची लावण नुकतीच उरकलेली असल्यामुळे टाळ्या पडतातही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपले आजे-पणजे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आज नातू पुण्यात नोकरी करतो, नात परदेशात शिकते. हे सगळे वाढीने झाले. वाढीला आवर घाला म्हणणारे पोट भरलेले शहरी लोक आहेत. निसर्गाला मर्यादा आहेत अशी हाकाटी दर पिढीत होते आणि दर पिढीत खोटी पडते. पाणी कमी पडले तर तंत्रज्ञान आहे. आणि शेवटी, आवाज चढवून: माझ्या रानात मी काय लावायचे हे सांगणारा तू कोण? मी त्यांचे म्हणणे जरा चेपून मांडले असेल. पण ते आम्हा मर्यादावाल्यांना ‘बैलगाडीवाले’ म्हणतात, तेव्हा फिटंफाट.

वाढीने स्वातंत्र्य दिले, हे मी एका दमात मान्य करतो. आमचे सोमेश्वरनगर हे नावच मुळी साखर कारखान्यामुळे आले. करंज्याचे सोमेश्वराचे देऊळ जुने. नगर उभे राहिले ते उसावर. कारखान्यामागून शाळा आली, कॉलेज आले, बँका आल्या. ते नसते तर या पट्ट्यातल्या कित्येक मुली दहावीपुढे गेल्या नसत्या. यावर वाद घालणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. गृहस्थ मात्र व्याख्यानाचा अर्धा तास याच मुद्द्यावर घालवतात. कुणी न लढवलेला किल्ला सर करायला वेळ लागत नाही, तरी घालवतात.

मर्यादेची भाकिते खोटी ठरतात, याला एक ओळ पुरे. ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हे त्यांच्या चेष्टेचे पुस्तक निघाले १९७२ साली, आणि त्याच साली आमच्याकडे लोक सुकडी खाऊन दुष्काळी कामावर दिवस काढत होते. मर्यादा असते की नसते हे पुस्तकातून कळायची त्यांना गरज नव्हती.

तंत्रज्ञानाचे थोडे सविस्तर बघू. ठिबकवर ऊस कमी पाण्यात येतो, हे खरे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवण्याचे प्रयोग झाले, त्यात मायक्रोसॉफ्टची मंडळी आहेत, आणि ते पाहायला लांबलांबचे शेतकरी येतात. कौतुक मलाही आहे. पण वाचलेले पाणी जाते कुठे? ज्याचे चार एकर उसाचे पाणी निम्म्यावर येते, तो उरलेल्या पाण्यावर आणखी तीन एकर ऊस लावतो. धरणात ते पाणी परत गेल्याचे कुणी पाहिले आहे काय? स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवले: इंजिन काटकसरी झाले म्हणून कोळसा कमी जळत नाही, उलट इंजिने वाढतात आणि कोळसा जास्त जळतो. राज्यातल्या लागवडीत उसाचा वाटा सुमारे ४ टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात सुमारे ७० टक्के, असे केंद्राचा कृषिमूल्य आयोग सांगत आला आहे. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करायचे ठरवले. ती सक्ती कोणत्या चारीवर चालू आहे ते मला कुणी दाखवावे, मी तिथे हार घेऊन जाईन.

आता मुख्य गोष्ट. ‘माझ्या रानात मी काय लावायचे.’

हे वाक्य बोलायला जिरायतात सोपे आहे. मोरगाव-सुप्याच्या माळावर माझे रान, वर आभाळ, खाली मुरूम. तिथे मी बाजरी लावली काय न् मटकी लावली काय, शेजाऱ्याचे काही जात नाही. कालव्याच्या खाली उतरलात की हे वाक्य तसे राहत नाही. नीरेचा डावा कालवा १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळाच्या धक्क्यातून निघाला आणि १८८५च्या सुमारास वाहू लागला. सरकारचा हिशेब असा की ज्वारी-बाजरीला चार पाणी मिळतील, दुष्काळात माणसे जगतील. पण पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याकडे फिरकेना; पाणीपट्टी कशाला भरा? मग सासवडकडचे माळी या बाजूला उतरले, त्यांनी उसाची शेती करून दाखवली, आणि बघता बघता काळ्या खोल रानांतून पाणी पाटापाटाने वाहू लागले. किती भरायचे याची फारशी चौकशी नाही, पाणी मिळते तोवर भरा. गृहस्थांना हवे असलेले स्वातंत्र्य जवळजवळ तसेच्या तसे एकदा या खोऱ्यात नांदून गेले आहे. ते किती दिवस टिकले? १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याला हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे या दोघांकडून नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. कालव्याला पंचवीस वर्षे झाली होती, आणि हे दोघे बैलगाडीवाले नव्हते.

रान चोपण कसे होते हे या भागात पोराटोरांना ठाऊक आहे, पण व्याख्यात्यांसाठी सांगतो. काळ्या रानात पाणी भरत गेले आणि त्याला निचरा नसला की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. पाण्याबरोबर क्षार चढतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार राहतात. आधी रानात पांढुरके ठिपके दिसतात, म्हातारी माणसे ‘मीठ फुटलं’ म्हणतात. मग उगवण विरळ होते, खोडवा धरत नाही, गव्हाची ओंबी भरत नाही. शेवटी पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड, अशी जमीन उरते. तिथे वेड्या बाभळीशिवाय कुणी येत नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्राने काढलेला फुले २६५ हा वाण चोपणीत तग धरतो म्हणून आमच्याकडे तो इतका पसरला. एखादा वाण रोगट रानासाठी म्हणून लोकप्रिय व्हावा, यातच त्या रानांची पत्रिका आली.

आता यातली मेख पाहा. पाणी ज्याने भरले त्याचे रान बहुधा शाबूत असते. कालव्यालगतच्या उंच रानाने भरायचे आणि ओढ्याकाठच्या खोलगट रानाने चोपण व्हायचे, असा हा व्यवहार आहे. मूळ पाझर कालव्याचा, त्यात भर वरच्या दहा-वीस रानांची. खालचा शेतकरी तक्रार कुणाविरुद्ध करणार? पाझर माझ्या रानात घुसला म्हणून फौजदाराकडे जाणार? त्याची जमीन कुणी बळकावली नाही. सातबाऱ्यावर नाव त्याचेच, बांध जागच्या जागी, शेतसारा त्याच्याच नावावर. फक्त पीक येत नाही. वरच्या प्रत्येकाने आपापल्या रानात आपापल्या मर्जीने पाणी दिले, कायद्याने दिले, पट्टी भरून दिले, आणि खालच्या माणसाचे आपल्या रानात हवे ते लावायचे स्वातंत्र्य गेले. ते कोणत्या हुकूमशहाने घेतले? कोणत्या शहरी पर्यावरणवाल्याने? गृहस्थांच्या तत्त्वज्ञानात या माणसाला जागाच नाही, कारण त्यांच्याकडे स्वातंत्र्य घेणारे एकटे सरकार असते. शेजारी हा जणू फक्त लग्नाला बोलवायचा प्राणी.

बरे, हा माणूस एकटा सुटूही शकत नाही. चोपण सुधारायची तर जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी ओढ्याला काढून द्यावे लागते. तो पाइप चार जणांच्या बांधाखालून जातो. एकाने ‘माझ्या रानातून नाही’ म्हटले की संपले. तेही स्वातंत्र्यच की! शिरोळला दत्त कारखान्याच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर जमीन सुधारली, ती शेतकरी गटाने एकत्र आले आणि एकमेकांच्या रानातून पाइप जाऊ द्यायला तयार झाले म्हणून.

पाण्याला माप लावणे या खोऱ्याला नवे नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर विश्वेश्वरय्या पुणे भागात सिंचनाचे काम पाहत होते, तेव्हा नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक गटाला ठरावीक पाणी, त्यात ऊस सुमारे तिसऱ्या हिश्श्यात, बाकीत हंगामी पिके, आणि पिकांची फिरवाफिरव. तेव्हाही ओरड झाली. पण गृहस्थ ज्या बागायतीची ऐट मिरवतात, तिची घडी अशा वाटपाच्या नियमांखाली बसलेली आहे. पुढे नियम सैल झाले आणि ऊस सरसकट झाला, ही वेगळी कथा.

टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची गोष्ट चोपणीपेक्षा साधी आहे. इंदापूरच्या शेवटच्या गावांना आवर्तन पोचेपर्यंत कालव्यात काय उरते ते त्यांना विचारा. हेडचे स्वातंत्र्य ही टेलची पाणीटंचाई असते, आणि हे तिथली माणसे कुठल्याही पारावर तुम्हाला व्याख्यानाशिवाय समजावून सांगतील. नीरा-देवघर धरणाचे पाणी डाव्या कालव्याला किती आणि उजव्याला किती यावर २०१९ मध्ये एक निर्णय झाला, सरकार बदलल्यावर २०२० मध्ये दुसरा. बारामती-इंदापूर एकीकडे, फलटण-माळशिरस-सांगोला दुसरीकडे. दोन्ही बाजूंना पाणी हवे ते वाढीसाठीच.

गृहस्थांचा सरकारवरचा रागही मोठा निवडक आहे. धरण सरकारने बांधलेले चालते. कालवा सरकारी चालतो. उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, सरकारने ठरवलेली चालते, नव्हे, वेळेवर मिळाली नाही की गृहस्थ स्वतः मोर्चात पुढे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज २०२४ पासून मोफत झाली, तीही चालते. बाहेरून स्वस्त साखर येऊ नये म्हणून आयातकर हवा. इतके सरकार पचल्यावर पाण्याचे मीटर म्हटले की मात्र स्वातंत्र्य धोक्यात!

झोनबंदीचा वाद इथे उकरून काढतील, म्हणून आधीच सांगतो. शेतकऱ्याने आपला ऊस अमक्याच कारखान्याला घातला पाहिजे, हा नियम जुलमी होता आणि तो गेला ते उत्तम झाले. त्या वेळी आमच्यातले काही सहकारप्रेमी ‘झोन उठला की कारखाने मरतील’ म्हणत होते, आणि मी त्यांच्याशी पारावर रात्र रात्र भांडलो आहे. सहकार म्हणजे काय वेठबिगारी? सभासदाला बाहेर जायची मुभा असेल तरच कारखाना नीट चालतो, हे माझे तेव्हाचे म्हणणे होते आणि आजही आहे. दुसरा कारखाना चांगला भाव देत असेल तर आपला कारखाना भाव वाढवील, नाही वाढवला तर सभासद जाईल. २०२३च्या सप्टेंबरात परराज्यात ऊस न्यायला बंदी घालणारा आदेश निघाला, तोही असाच चुकीचा होता आणि काही दिवसांत मागे घ्यावा लागला. कापलेला ऊस हा माझा माल आहे, तो मी कुठेही विकेन. पण कालव्याचे पाणी माझा माल नाही, ते मी कुणाला विकू शकत नाही आणि एकट्याने घेऊही शकत नाही. हा फरक शाळकरी पोराला कळतो. गृहस्थ दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

ऊसतोडीच्या कोप्यांकडे तर ते बघतही नाहीत. बीडकडून नवरा-बायकोची जोडी येते, तिला हिशेबात एक कोयता म्हणतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्या जोडीला हलता येत नाही. वाढीने स्वातंत्र्य येते म्हणणाऱ्याने थंडीत एक पहाट त्या फडात काढावी.

मग तुमचे म्हणणे काय, असे विचारतील. माझे म्हणणे फार मोठे नाही. पुरंदर तालुक्यात, आमच्या शेजारीच, नायगावला विलासराव साळुंखे यांनी ७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर न देता माणशी द्यायचे, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. त्यातल्या बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या, हेही गृहस्थ सांगतील, आणि ते खरे सांगतील. नीरेच्या बागायतीत ते नियम जसेच्या तसे लावता येणार नाहीत, ऊस संपवा असे मी म्हणत नाही. सोमेश्वरनगरात बसून तसे म्हणणारा एक तर वेडा किंवा उमेदवार. पण पाणी चारीवर मोजून द्या, ते पाणी वापर संस्थेच्या ताब्यात द्या, आणि त्या मोजून आलेल्या पाण्यात कुणी ऊस लावो, डाळिंब लावो की तुती, त्यात कुणी नाक खुपसू नये. पिकाचे स्वातंत्र्य पूर्ण, पाण्याचे मापात. यात हुकूमशाही कुठे आहे ते मला दिसत नाही. हेडवरच्या बागायतदाराची अडचण होईल, एवढे दिसते.

गृहस्थांची बागायत कालव्याला लागून आहे. त्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला सहा-सात जणांची चोपण राने आहेत आणि निचऱ्याच्या पाइपची आखणी त्यांच्याच बांधावरून ओढ्याला जाते. संमतीपत्रावर बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत.