आराखड्याविना वाकळ



आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात आधी डिझाइन, मग कोड. म्हणूनच कागदावर एक रेघही न मारता केलेली वस्तू नीट उतरली की मला तिचं भारी कौतुक वाटतं. बेळगावच्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी बायका अशीच गोधडी शिवतात. तिला ‘कवंदी’ म्हणतात.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्या अनेक पूर्वजांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं. तिथून निसटून ते या जंगलांत वसले. त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी, कन्नड मिसळलंय, तसे कवंदीत घरातल्या सगळ्यांचे जुने कपडे.

खाली जुनी सुती साडी पसरायची. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकड्यांच्या कडा दुमडत, धावदोरा घालत, काठाकाठाने फिरत मध्यावर पोचायचं. पुढचा तुकडा कोणता? हाताशी काय आहे आणि शेजारी कोणता रंग बसलाय, त्यावरून ठरतं. कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे त्रिकोण लावतात, ती ‘फुलं’. त्यांच्याशिवाय कवंदी उघडीबोडकी वाटते म्हणे. कुणी ख्रिस्ती बाई त्यात क्रूस शिवते, कुणी मुसलमान बाई चंद्रकोर. नाव न लिहिताही प्रत्येकीची सही त्यात असते.

हे सगळं आठवण्याचं कारण घरचंच आहे. आजीला जाऊन वर्ष झालं. तिच्या इरकली साड्या अजून कपाटात आहेत. आई म्हणते, देऊन टाकू. मावशी म्हणते, राहू देत. कात्री लावायला कुणाचाच हात धजत नाही. मी म्हटलं, वाकळ करू. आजीच्या साड्या, आजोबांचं धोतर, माझे ऑफिसचे टी-शर्टसुद्धा. मावशी आधी गप्प बसली, मग म्हणाली, “तिचा हिरवा काठ मधोमध नको. कडेला असू दे, पांघरताना हाताला लागेल.”

इतकाच आमचा आराखडा! एक कोपरा आईचा, एक मावशीचा, एक माझा. धावदोरा मी आईकडून शिकतोय. टाके वाकडेतिकडे येतात, पण कोणते माझे ते लगेच ओळखू येतं.

तुमच्या घरी वाकळ कोण शिवायचं? शिकवणारे हात घरात आहेत तोवर त्यांच्याशेजारी सुईदोरा घेऊन जरा बसा.