माउस कुणाच्या हातात?

आमच्या बचत गटाच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालणाऱ्या एक काकू आहेत. लागोपाठ दोन बैठकांना त्या आल्या नाहीत, तेव्हा मी घरीच गेले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्यांचा बांध फुटला.

पंधरा दिवसांपूर्वी एक फोन आला होता. ‘वीज कंपनीतून बोलतोय. तुमचं मागचं बिल नोंदलेलं दिसत नाही. आज रात्री कनेक्शन तोडणार.’ घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. काकू घाबरल्या. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, ‘आई, तुम्ही काळजी करू नका. मी सांगतो ते अ‍ॅप घ्या, त्यावर आकडे येतील ते वाचून दाखवा आणि परवानगीचं बटण दाबा. बाकीचं मी इथून करतो. तुम्ही फक्त दहा रुपये भरा.’ काकूंनी दहा रुपये भरले. लेकीच्या बाळंतपणासाठी साठवलेले बेचाळीस हजार अर्ध्या तासात गेले.

मी न राहवून विचारलं, ‘अहो काकू, अनोळखी माणसाचं ऐकलंत कसं?’

त्या म्हणाल्या, ‘अगं, आमचा बंगलोरचा मुलगा असंच करतो की! घरचा कॉम्प्युटर बिघडला की आकडे विचारतो आणि तिथून सगळं करून देतो. मला वाटलं, हेही तसंच असेल.’

त्यांचं हे उत्तर काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मैत्रिणींनो, त्यात चुकीचं काहीच नव्हतं. दोन्ही गोष्टी खरोखरच एकसारख्या आहेत.

एका ठिकाणी बसून दुसरीकडचा कॉम्प्युटर चालवायचा, ही सोय काही आजची नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात असा प्रोग्रॅम तयार झाला. 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या ऑफिससाठीच्या आवृत्तीत ही सोय आधीपासूनच घातलेली होती. पुढे जर्मनीत 2005 मध्ये टीमव्ह्यूअर आणि 2014 मध्ये एनीडेस्क या कंपन्या निघाल्या आणि घरगुती माणसालाही ते सोपं झालं. रीत साधी आहे. आपल्या पडद्यावर एक नंबर येतो. तो दुसऱ्याला सांगायचा आणि परवानगी द्यायची. मग आपला पडदा त्याला दिसतो आणि आपला माउस त्याच्या हाताने हलतो. स्मार्टफोन हाही खिशातला कॉम्प्युटरच. तिथेही आपण काय टाइप करतो, कुठला ओटीपी येतो, हे पलीकडचा आरामात वाचू शकतो.

या सोयीने केवढी कामं होतात! पुण्यात रात्रपाळी करणारी आपलीच मुलं अमेरिकेतल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर इथून दुरुस्त करतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कितीजणींनी घरच्या टेबलावरून ऑफिसातला कॉम्प्युटर चालवला. त्यामुळे अ‍ॅपला नावं ठेवण्यात अर्थ नाही. विळीने भाजी चिरतात आणि बोटही कापतं.

बोट कापणारे मात्र वाढले. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सावध केलं होतं. एनीडेस्क घ्यायला लावून, त्यावरचा नऊ आकडी नंबर विचारून चोर खात्यातले पैसे काढताहेत, असा तो इशारा होता. 2022 मध्ये वीज तोडण्याचे खोटे मेसेज राज्यभर फिरले, महावितरणलाही लोकांना सावध करावं लागलं. आणि हे फक्त आपल्यालाच लुबाडतात असं नाही. परदेशातल्या लोकांना ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असं घाबरवून पैसे उकळणारी कॉल सेंटर्स आपल्याच देशात चालत होती. 2023 मध्ये सीबीआयने त्यांच्यावर छापे घातले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. चोराचं खरं हत्यार अ‍ॅप नाहीच. ‘आई, तुम्ही काळजी करू नका, मी करतो’ हे वाक्य त्याचं हत्यार आहे. आणि ते वाक्य आपल्या कानाला घरातच सवयीचं झालेलं असतं. आधी नवरा म्हणतो, ‘बँकेचं मी बघतो.’ मग मुलगा म्हणतो, ‘तू हात लावू नकोस, बिघडेल.’ सगळं प्रेमानेच असतं हो, पण त्या प्रेमात आपण शिकायचं राहून जातो. पडद्यावरचा बाण आपोआप फिरतोय आणि आपण हाताची घडी घालून बघतोय, याचं काही वाटेनासं होतं. मग एक दिवस तो बाण चोर फिरवतो, तेव्हाही आपण तशाच बघत बसतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट. काकूंनी चार दिवस घरात कुणालाच सांगितलं नाही. ‘ओरडतील, अक्कल काढतील’ ही भीती! खरं तर अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, तर पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातही हेच तत्त्व होतं. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे गप्प बसण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते. चोराने बेचाळीस हजार नेले खरे, पण ते परत मिळण्याची आशा घरच्यांच्या धाकाने नेली. घरातल्या पुरुषांनीही हे जरूर वाचावं.

मैत्रिणींनो, एवढं तरी पदराला गाठ मारून ठेवा. मदतीसाठी आपण फोन केला असेल तरच नंबर सांगायचा, आणि तोही ओळखीच्या माणसाला. समोरून फोन आला तर कितीही गोड बोलो, ठेवून द्यायचा. गूगलवर शोधलेला ग्राहक सेवेचा नंबरही खोटा असू शकतो, बिलावर किंवा पासबुकावर छापलेला असतो तोच लावायचा. चूक झालीच, तर आधी इंटरनेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि 1930. रडणं त्यानंतर.

आणि मुलांना एक सांगा. ‘बाळा, तू तिथून बघ, पण माउस माझ्या हातात राहू दे. कुठे दाबायचं ते सांग, मी दाबते.’ दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल, लागू दे. त्यांना पहिलं अक्षर गिरवायला आपण शिकवलं, तेव्हा कुठे घड्याळ बघितलं होतं?

गेल्या बैठकीला काकू आल्या. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण त्यांनी सतरंजी घातली आणि सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःची हकीकत सांगितली. त्या दिवशी अठरा जणींनी आपापल्या हाताने फोनमध्ये 1930 नंबर साठवला.