भरल्या पोटीं उपाशी : वऱ्हाडांतील मेंढरांच्या खुराकाचा प्रश्न

वऱ्हाडांत मेंढरूं उपाशी मरतें असें कोणी म्हटलें, तर आपल्यापैकीं बहुतेकांस तें खरें वाटणार नाहीं. सुगी आटोपली कीं अमरावती-अकोल्याकडील मोकळ्या वावरांतून कळप फिरत असतात. संध्याकाळीं मेंढरांचीं पोटें टम्म दिसतात. मग उपासमार ती कसली? परंतु पोट भरणें ही एक गोष्ट आणि अंगीं लागणें ही दुसरी, हें ज्यानें बैल पोसले आहेत त्यास निराळें सांगावयास नको. फाल्गुनापासून मृगापर्यंत मेंढी जें खाते, त्यांत काडी पुष्कळ आणि प्रथिन थोडें असतें. या दिवसांत व्यालेली मेंढी दुधाला आटते, कोकरूं किडमिडें निपजतें, आणि दोष मात्र उन्हाला किंवा दैवाला दिला जातो. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, या हानीचा मोठा भाग टाळतां येण्यासारखा आहे. आणि तो टाळण्याचें साधन एकट्या मेंढपाळाच्या नव्हे, तर आपणां जमीनधारक शेतकऱ्यांच्याहि हातीं आहे.

मांस, रक्त, दूध हीं सर्व प्रथिनांवांचून बनत नाहींत; लोकर तर जवळजवळ सर्वस्वीं केराटिन नांवाचें प्रथिनच होय. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतें. डेन्मार्कमधील योहान केल्डाल यानें १८८३ सालीं नत्र मोजण्याची रीत बसविली. तिनें मिळालेल्या नत्राच्या आंकड्यास ६.२५ नें गुणलें म्हणजे चाऱ्यांतील प्रथिनाचा अंदाज कळतो. मेंढी रवंथ करणारी असल्यामुळें तिच्या पहिल्या मोठ्या पोटांत कोट्यवधि सूक्ष्म जंतु राहतात. काडी पचविण्याचें काम हे जंतु करतात, आणि पुढें ते स्वतःच पचून मेंढीस प्रथिन पुरवितात. पण या जंतूंनाहि नत्र लागतें. चाऱ्यांतील प्रथिन सुमारें ७ टक्क्यांच्या खालीं गेलें कीं ते मंदावतात, काडी पोटांत अधिक वेळ पडून राहते, आणि पोट फुगलेलें असूनहि मेंढी खाणें कमी करते. म्हणजे प्रथिनाची टंचाई ही एका द्रव्यापुरती न राहतां सर्वच पोषणाची टंचाई होऊन बसते. आपल्या ज्वारीच्या कडब्यांत प्रथिन अवघें ३ ते ४ टक्के असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे टम्म पोटाचें रहस्य उलगडतें.

त्यांत आपल्याकडील ऊन. वैशाखांत अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. अशा तापांत जनावर आधींच कमी खातें, शिवाय जाड काडी पचतांना अंगांत उष्णता अधिक निर्माण होते. म्हणून उन्हाळ्यांत चाऱ्याची रास वाढविण्यापेक्षां थोड्या चाऱ्यांत अधिक सत्त्व घालणें आणि तो पहांटे व रात्रीं देणें हेंच शहाणपणाचें. मात्र सत्त्व घालावयाचें म्हणून प्रथिनाचा भडिमार करणेंहि चुकीचें होय. जास्तीचें प्रथिन शरीराला मूत्रावाटे बाहेर टाकावें लागतें; त्यांत पाणी व शक्ति दोन्ही खर्च होतात, आणि उन्हाळ्यांत त्या दोन्हींचीच वाण असते.

आतां हिशेब पाहूं. ३० किलो वजनाची मेंढी रोज सुमारें ९०० ग्रॅम कोरडा चारा खाते असें धरावें. नुसती प्रकृति राखण्यास त्यांत ८ टक्के, म्हणजे ७२ ग्रॅम प्रथिन असावें. ९०० ग्रॅम कडब्यांतून मिळतें अवघें ३२ ग्रॅम. त्यांतील २०० ग्रॅम कडबा काढून तेवढीच सरकीची ढेप घातली, तर ढेपेंतील २२ टक्क्यांच्या मानानें बेरीज ६८ वर जाते. पण गाभण मेंढीची गरज याहून मोठी. मेंढी पांच महिन्यांनीं विते, आणि पोटांतील कोकराची दोनतृतीयांशांहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या वेळीं चाऱ्यांत ११ टक्के, म्हणजे ९९ ग्रॅम प्रथिन पाहिजे. ३१० ग्रॅम कडबा, पाला व टरफलें असलेलें ३०० ग्रॅम तुरीचें कुटार, २०० ग्रॅम ढेप आणि ३०० ग्रॅम ओला सुबाभळीचा पाला इतकें एकत्र केलें, तर कुटारांत ८ टक्के प्रथिन धरून हा आंकडा बरोबर साधतो. सहा आठवड्यांस दर मेंढीमागें ८ किलो ४०० ग्रॅम ढेप लागते. बाजारभाव ज्यानें त्यानें लावावा आणि त्याच्या समोर एका धडधाकट कोकराची किंमत ठेवावी. सबंध कळपास वर्षभर खुराक द्या असें आमचें म्हणणें नाहीं. जी मेंढी विण्याच्या बेतांत आहे आणि जी पाजीत आहे, तिच्यापुरतें हात सैल करा, एवढेंच म्हणणें आहे. विण्याच्या सुमारास अशी पोसलेली मेंढी पोटांतील जंतांसहि अधिक दाद देत नाहीं, हा आणखी एक लाभ.

ढेप आपल्याच भागांतील सरकीची निघते. ऑस्ट्रेलियांतील मेंढपाळ अवर्षणांत सबंध सरकी मेंढरांस घालून कळप जगवितात. आणि सरकीच्या या माहेरांत मात्र ढेप फक्त दुभत्या म्हशीसाठीं, अशी आपली समजूत! तुरीचें कुटार कांहीं जण बैलांस घालतात. सोयाबीनचें कुटार तर कित्येक ठिकाणीं वावराच्या कोपऱ्यांत पेटवून देण्यांत येतें. ज्वारीची जागा सोयाबीननें घेतल्यापासून कडबा घटला, ई-वर्गाच्या चराऊ जमिनी अतिक्रमणांनीं आंखडल्या, आणि धुऱ्यावरचीं बाभळीचीं झाडें तुटलीं, ज्यांच्या शेंगा उन्हाळ्यांत मेंढरांचा आधार होत्या. मेंढपाळाच्या हातून चारा गेला तो बहुतांशीं आपल्या वावरांतील फेरबदलामुळें गेला, हें नाकबूल करतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल, मेंढरें धनगराचीं, त्यांच्या खुराकाची काळजी आम्हीं कां वाहावी? यास उत्तर आपल्याच रिवाजांत आहे. उन्हाळ्यांत आपण वावरांत मेंढरें बसवितों तीं खतासाठीं. खतांतील नत्र हें चाऱ्यांतील नत्रांतूनच येतें. मोठें जनावर त्याचा थोडा अंश ठेवून बाकीचें लेंडी व मूत्रावाटे परत करतें. २०० ग्रॅम ढेपेंत सुमारें ७ ग्रॅम नत्र असतें. १०० मेंढरांस ती दिली तर रोज ७०० ग्रॅम नत्र, म्हणजे दीड किलो युरियाइतकें, कळपाच्या पोटांतून जातें. त्यांतील कांहीं भाग चरतांना इतरत्र पडतो, कांहीं हवेंत उडतो; तरी वावरांत पडलेल्यावर लवकर वखर फिरविला तर बराचसा आपल्या मातींत राहतो. नुसत्या काडीवर जगणाऱ्या मेंढराच्या लेंडींत हें सामर्थ्य कोठून येणार? म्हणून आमची सूचना अशी कीं, मेंढरें बसविण्याचा करार ठरवितांना धान्य किंवा रोकड यांच्या जोडीला कुटार व ढेप यांचाहि आंकडा ठरवावा. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें परत येतें, असे सौदे शेतींत फार नाहींत.

दुसरा आक्षेप असा कीं, ढेप महाग, युरिया स्वस्त. मग तोच कां घालूं नये? युरियाच्या योगानें पोटांतील जंतु प्रथिन बनवितात हें खरें. परंतु तें शस्त्र दुधारी आहे. त्यासाठीं सोबत पिष्टमय पदार्थ लागतात, आणि प्रमाण चुकलें किंवा एकाएकीं दिलें तर मेंढरूं तासाभरांत दगावूं शकतें. कच्च्या सोयाबीनबरोबर तर युरिया मुळींच देऊं नये; सोयाबीनमधील एका घटकामुळें त्याचा झपाट्यानें अमोनिया होतो. त्यापेक्षां १०० किलो कोरड्या कडब्याच्या कुट्टीवर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यांत विरघळवून शिंपावा, तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवावी, आणि उघडून वास उडाल्यावर घालावी. ही रीत अधिक निर्धोक असून तिनें प्रथिन जवळजवळ दुप्पट होतें. तसेंच दोन-तीन महिन्यांच्या आंतील कोकरांस सरकीची ढेप घालूं नये, कारण तींतील गॉसिपोल त्यांस बाधतें. सुबाभळीचा पाला एकतृतीयांशाच्या वर गेल्यास लोकर गळते. बुरशी आलेली ढेप कितीहि स्वस्त मिळाली तरी उकिरड्याचीच धनी समजावी. आणि ज्या वावरांत नुकतेंच औषध फवारलें आहे त्यांत कळप घालूं देऊं नये, मेंढपाळास तशी आगाऊ सूचना द्यावी.

सार्वजनिक संस्थांकडूनहि अपेक्षा आहे. १९६९ सालीं स्थापन झालेलें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ अकोल्यास आहे. महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचें पोहरा येथील प्रक्षेत्र अमरावती जिल्ह्यांत आहे. या दोन्ही ठिकाणीं वऱ्हाडी कुटार, ढेप व झाडपाला यांवर पोसलेला कळप आणि नुसत्या चराईवरचा कळप शेजारीं शेजारीं ठेवून, जमाखर्चासह शेतकऱ्यांस व मेंढपाळांस दाखवावा. शंभर व्याख्यानांनीं जें होत नाहीं तें डोळ्यांनीं पाहिल्यानें होतें.

परंतु त्यांची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. येत्या सुगींत खळ्यावरचें कुटार पेटविण्यापूर्वीं त्याची एक गंजी धुऱ्यावर रचावी, मातींत मिसळूं न देतां झांकून ठेवावी, आणि उन्हाळ्यांत कळप बसावयास येईल तेव्हां तिची ताटी उघडावी. वावर आपलें, कुटार आपलें, आणि खतहि शेवटीं आपलेंच. मग मेंढीला भरल्या पोटीं उपाशी ठेवण्यांत कोणाचें हित आहे, याचा विचार वाचकांनीं स्वतःच करावा.