नातवाची पेटी

मंडळी, या आठवड्यात नातवानं नवा शब्द शिकवला: ईजीपीयू. ग्राफिक्स कार्ड संगणकाबाहेर एका पेटीत ठेवायचं नि केबलनं लॅपटॉपला जोडायचं. पेटीला वीज वेगळी. पोरगं ॲनिमेशन शिकतंय, लॅपटॉप गोगलगाय झालाय. तेव्हा ठेव मोडायची पाळी आजोबांवर!

मास्तराची खोड, आधी समजून घेतलं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर कार्डाला बहुधा १६ मार्गिका मिळतात, थंडरबोल्ट ३ च्या केबलमधून फक्त ४. आडात पाणी भरपूर, पोहरा मात्र लहान! खेळात त्याचा फटका जास्त बसतो, रेंडरिंगला कमी. मॉनिटर थेट पेटीलाच लावला तर चित्राला त्याच केबलमधून परत यावं लागत नाही, तेवढी गळती वाचते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ नं पोहरा मोठा केला खरा, पण ते लॅपटॉपमध्येही हवं ना.

माझं मत विचाराल तर, योग्य पोर्टचा चांगला लॅपटॉप हाताशी असेल आणि तो घेऊन हिंडावं लागत असेल, तरच पेटी घ्यावी. एका टेबलावर बसून काम करणाऱ्यानं पेटी आणि कार्डाच्या पैशात डेस्कटॉपचा विचार करावा.

हे सांगितलं तर स्वारी रुसली. म्हटलं, "बाळा, तुझं पोर्ट कुठलं ते तरी बघू." दिसायला सगळी सारखीच मेली! माहितीपुस्तिका शोधली. यूएसबी ३.२. केबल बसेल, पण कार्ड चालणार नाही.

रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीत दिवा होता. उद्या दोघं डेस्कटॉपचे भाव विचारायला जातोय. ठेव मोडावी लागणारच, असं दिसतंय.