विकणाऱ्याचा पैसा रोखण्याचा अधिकार कुणी दिला?

माल विकला, गिऱ्हाईकाने पैसे मोजले, तरी विकणाऱ्याच्या हाती छदाम नाही! ऑनलाईन बाजारात गिऱ्हाईकाचा पैसा आधी कंपनीकडे जातो. एखादी तक्रार आली, कागद अपुरा वाटला की खाते गोठते. व्याजाने भांडवल काढलेला छोटा विक्रेता तिथेच कोलमडतो. आरोप करणारी, तपास करणारी आणि निकाल देणारी कंपनी एकच. याला न्याय म्हणायचे काय?

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण कंपनी म्हणते, आम्ही खरेदीदार नाही, मध्यस्थ आहोत! २०२१ साली किरकोळ व्यापाऱ्यांना या उद्योगांत स्थान मिळाले, तेही केवळ बँक कर्जातील प्राधान्यापुरते. २०२० चे ई-कॉमर्स नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी. विक्रेता ग्राहक नव्हे. म्हणजे त्याला ही दारे बंद.

युरोपीय संघाने १२ जुलै २०२० पासून खाते रोखताना विक्रेत्याला लेखी कारण देणे सक्तीचे केले. मग आपल्याकडे का नको? आमची मागणी साधी आहे: कारण लेखी द्या, म्हणणे ऐका, वादातली तेवढीच रक्कम रोखा, बाकीची मुदतीत चुकती करा.

विक्रेत्यांनीही पोहोच-पावत्या जपाव्यात, लेखी नोटीस द्यावी आणि संघटित व्हावे. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. शंभरांचा जात नाही.