वाडीवरचा स्टुडिओ

‘रविवारी सकाळी साडेनऊला रद्दीवाला येतोय. तुला काय हवं असेल ते शनिवारी येऊन घेऊन जा. नंतर रडत बसायचं नाही.’

मामाचा फोन एवढाच. सांगलीचं गावभागातलं घर रिकामं करायचं चाललंय आणि माळ्यावर आजीची ट्रंक आहे. खरं तर दोन होत्या. एक खालच्या खोलीत होती, ती २०१९ च्या महापुरात गेली. गेली म्हणजे वाहून नाही गेली; चार दिवस पाण्यात बसली आणि उघडली तेव्हा आत लगदा होता. आजीने तो बघितला नाही, तेवढं बरं झालं. ती आधीच्याच वर्षी गेली होती.

ट्रंकेत काय, तर मासिकं. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ती ट्रंक उघडायची परवानगी फक्त आजीला. आम्ही भावंडं चित्रं बघायचो, ती हात धुतलेत का ते बघायची.

तर शुक्रवारचं ऑफिस (म्हणजे माझ्या बाबतीत घरातलंच टेबल, फ्रीलान्सरचं ऑफिस ते केवढं) लवकर गुंडाळलं आणि शनिवारी पुण्याहून सांगलीची गाडी पकडली. सोबत माझी डिझायनर मैत्रीण. तिला ओढून नेण्यामागे स्वार्थ होता, ट्रंक उचलायला दुसरा माणूस हवा होता. आणि तिलाही पुण्यातून दोन दिवस पळायचंच होतं. एका क्लायंटने तिच्या लोगोची चौदा व्हर्जन्स करून घेतली आणि शेवटी पहिलंच फायनल केलं. बिलात मात्र एकच धरलं. तेव्हापासून बाईंच्या डोक्यात एकच किडा: नोकरी सोडायची, इस्लामपूरला घरी जायचं आणि स्वतःचा स्टुडिओ काढायचा. घरचे म्हणतात, ‘तिथे तुला काम कोण देणार? लग्नपत्रिका छापणार आहेस का?’

ही मैत्रीण ‘पुश पिन’वर जाम फिदा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कमधला ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ, १९५४ साली सुरू झालेला. मिल्टन ग्लेझर, सेमूर क्वास्ट, एडवर्ड सोरेल ही त्यातली मंडळी. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’मधलं ते लाल बदाम आठवतंय? जगातल्या अर्ध्या टी-शर्टांवर आहे ते. ते याच ग्लेझरचं, अर्थात पुश पिन सोडल्यानंतरचं. जगभर सगळे सरळ रेषा आणि पांढऱ्या जागेच्या मागे लागलेले असताना या पोरांनी जुनी चित्रं, जुनी अक्षरं, चेष्टामस्करी असं सगळं डिझाइनमध्ये परत आणलं. आणि त्यांची गंमत म्हणजे त्यांनी स्वतःच्या जाहिरातीसाठी स्वतःचंच एक प्रकाशन काढलं, ‘पुश पिन ग्राफिक’. ‘आम्हाला काम द्या’ असं म्हणण्याऐवजी आम्ही काय करू शकतो ते क्लायंटला पोस्टाने पाठवायचं. लोक ते जपून ठेवायचे.

‘काय सॉलिड आयडिया ना?’ ती गाडीत म्हणाली. गाडीने कऱ्हाड सोडलं होतं, खिडकीत ऊस सुरू झाला होता.

मी म्हटलं, ‘ही आयडिया अजून अर्ध्या तासात एका स्टेशनवर दिसेल. थांब.’

ते स्टेशन म्हणजे किर्लोस्करवाडी.

वाडीची गोष्ट शाळेत सगळ्यांनाच थोडीथोडी सांगितलेली असते. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर; जागा सोडायची वेळ आल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना आपल्या संस्थानातलं निवडुंगाचं ओसाड माळरान देतात, आणि १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहते. शाळेत जे सांगत नाहीत ते असं, की हे लक्ष्मणराव मुळात चित्रकार व्हायला निघाले होते! मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. संपलं करिअर. मग पेंटिंग सोडून यंत्रांची ड्रॉइंग शिकले. रंग दिसत नसला तरी रेघ दिसत होती.

आणि राजेसाहेब? तेही चित्रकार. साताऱ्याच्या आमच्या शाळेची सहल औंधला गेली होती. यमाईच्या डोंगरावरचं ते म्युझियम त्यांनी १९३८ साली बांधलं. रविवर्म्याची चित्रं, स्वतः राजेसाहेबांची चित्रं, आणि एका दालनात चक्क हेन्री मूरचं शिल्प. आम्ही तेव्हा हेन्री मूरपेक्षा डब्यातल्या बटाट्याच्या भाजीत जास्त इंटरेस्टेड होतो, ते सोडा. मुद्दा असा की जागा देणारा चित्रकार, जागा घेणारा हुकलेला चित्रकार. अशा जागी नुसते नांगर बनले असते तरच नवल.

पण नांगर विकायचे कसे हा खरा प्रॉब्लेम होता. सुरुवातीला लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज. आता ब्रीफ बघा. प्रॉडक्ट नवीन, गिऱ्हाइकाला भीती, आणि त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. मार्केटिंगवाल्यांनी हा पेपर सोडवून दाखवावा!

तो सोडवायला आले लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर. सगळा महाराष्ट्र त्यांना ‘शंवाकि’ म्हणायचा. जन्म १८९१ चा, शिक्षण चित्रकलेचं, कारखान्यातलं काम जाहिरातीचं. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं मासिक सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती, बातम्या आणि सोबत वाचायला काहीतरी चांगलं. म्हणजे पुश पिनच्या चौतीस वर्षं आधी, न्यूयॉर्कमध्ये नव्हे तर जिथे धड गावही नव्हतं अशा ठिकाणी, एक चित्रकार स्वतःच्या मालाची जाहिरात म्हणून मासिक काढत होता आणि लोक ते जपून ठेवत होते.

पुढे जाहिरात मागे पडली आणि मासिकच मोठं झालं. १९२९ मध्ये ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’. (म्हणजे आपल्यासारख्यांसाठीचं मासिक नव्वद वर्षांपूर्वी पलूसच्या माळावरून निघत होतं. आपण उगाच कॉलर ताठ करून फिरतो.) लेख, गोष्टी, विज्ञान, उद्योग, बुवाबाजीवर हल्ले. शंवाकि स्वतः व्यंगचित्रं काढायचे, ‘टाकांच्या फेकी’ या नावाने. अंधश्रद्धा, रूढी, ढोंग, सगळ्यांना टाकाने टोचायचे. संपादकच चित्रकार असला की काय होतं ते तिथे दिसतं. चित्र लेखाला टेकू म्हणून येत नाही, स्वतःचं म्हणणं घेऊन येतं.

आता हे छापायचं कसं, हा वेगळाच सिनेमा. तेव्हा कॉम्प्युटर सोडाच, मजकुराचं प्रत्येक अक्षर शिशाच्या खिळ्यांनी हाताने जुळवायचं. देवनागरीत काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. इंग्रजी कंपोझिटरचं काम त्यापुढे पोरखेळ. मोठं शीर्षक हवं असेल तर हाताने काढायचं आणि त्याचा ब्लॉक करायचा. रंगीत मुखपृष्ठ असेल तर प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक, आणि कागद तितक्या वेळा मशिनमधून काढायचा. एक केसभर सरकला की चेहऱ्याला दोन नाकं. ‘कंट्रोल झेड’ नाही. माझी मैत्रीण हे ऐकून बराच वेळ गप्प बसली. तिच्या बाबतीत हे क्वचित घडतं.

आणि हे ब्लॉक, शाई, कागद, चित्रकार मुंबईत सहज मिळाले असते. तरी काम वाडीवरून चाललं. कोल्हापूर जवळ होतं, चित्रकारांचं गाव. तिथले ग. ना. जाधव या मासिकांचे चित्रकार झाले. त्यांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांवरच्या बायका कुठल्यातरी देवीसारख्या वाटायच्या नाहीत, शेजारच्या वाटायच्या. आजीच्या भाषेत, ‘आपल्यातल्या’. आजीला लग्नानंतर शिकायला मिळालं नाही, पण ‘स्त्री’ दर महिन्याला आलं. नंतरच्या काळात विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादक होत्या, आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं तेव्हा आजीने तेही लावलं. आमच्या घरात आईला शिकवायचंच हे ठरलं ते कुणाच्या भाषणामुळे नाही. आजीने ठरवलं, आणि आजीचं कॉलेज त्या ट्रंकेत होतं.

किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडी मिनिटभर थांबली. मैत्रीण दारात जाऊन उभी राहिली. फलाट, झाडं, दोन कुत्री, कळशी घेतलेली एक बाई. ‘इथून?’ ती म्हणाली. ‘इथून,’ मी म्हटलं.

‘मग इस्लामपूर काय वाईट आहे?’

इथे मी ‘हो गं, कर सुरू’ म्हणायला हवं होतं. फिल-गुड कॉलममध्ये तसंच असतं. पण मला खरं बोलायची खोड आहे. मी म्हटलं, शंवाकींना क्लायंट शोधावा लागला नाही. क्लायंट काका होते. कागदाचं, शाईचं बिल द्यायला मागे कारखाना होता. वाडीला राजा भेटला होता. तुला कोण भेटलंय? बँकेतला लोन ऑफिसर? नुसतं ‘गावातूनही होतं बघ’ म्हणून ती गोष्ट सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं आहे.

ती चिडली. भिलवडी येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, ‘राजा नाही, पण माझ्याकडे वायफाय आहे.’ पॉइंट आहे.

सांगलीत मामीने भडंग आणि चहा पुढे ठेवला आणि मामाने ट्रंक. झाकण उघडल्यावर पहिला आला तो वास: डांबरगोळ्या, ओल, जुना कागद. वरचे अंक ठीक होते. मधले वाळवीने कडेने खाल्ले होते. पण रंग! मैत्रीण जमिनीवर फतकल मारून बसली आणि अंकामागून अंक मांडत गेली. लेख तिने एकही वाचला नाही, नुसती अक्षरं बघत होती. एका अंकाचं शीर्षक, एका गोष्टीच्या नावाचा वळणदार ‘ळ’, पंपाच्या जाहिरातीतली पाण्याची धार तीन रेघांत काढलेली. ‘हा “ळ” बघ. आपल्याकडच्या फॉन्टमध्ये असा “ळ” नाहीये. ह्यांनी तो हाताने काढला आणि पुढच्या महिन्यात परत वेगळा काढला!’ असं म्हणत तिने चाळीसेक फोटो काढले.

मामा दारात उभा राहून बघत होता. ‘एवढं काय आहे गं त्यात?’

‘मामा, हे म्हणजे...’ मी सुरुवात केली, पण मला सांगता येईना. चार महिने कॉलम लिहूनही.

मैत्रीणच म्हणाली, ‘काका, मी जे शिकायला लाखभर रुपये भरले ना, ते तुमच्या आईच्या ट्रंकेत फुकट होतं.’

मामा हसला. मग थोड्या वेळाने स्वतःच खाली बसला आणि एक ‘मनोहर’ उचलला. ‘हा माझा. मी मॅट्रिकला होतो तेव्हा आई ओरडायची, अभ्यास सोडून हेच वाचतो म्हणून.’ तो अंक त्याने परत ट्रंकेत ठेवला नाही.

रविवारी साडेनऊला रद्दीवाला आला. जुने पेपर, माझ्या मामेभावाच्या एंट्रन्सच्या गाइडांचा ढीग आणि सतरा वर्षांच्या विम्याच्या पावत्या एवढं वजन झालं. ‘ती पेटी?’ त्याने विचारलं. मामा म्हणाला, ‘ती गेली.’

ट्रंक आता पुण्यात माझ्या पलंगाखाली आहे. गाडीत चढवताना माझ्या पायावर पडली, नख अजून काळं आहे. मैत्रीण दर रविवारी स्कॅनर घेऊन येते. दोन महिन्यांत तेवीस अंक झालेत, वाळवीने खाल्लेली पानं ती आधी करते. नोकरी अजून सोडलेली नाही. पण इस्लामपुरातल्या एका गूळवाल्याचं काम तिने घेतलंय, पाकिटाचं डिझाइन. पैसे थोडे देतो म्हणाला, गूळ भरपूर देतोय. पाकिटावर ‘गूळ’ लिहिताना शेवटचा ‘ळ’ कसा काढायचा यावर परवा रात्री साडेअकरापर्यंत मला जागवलं.