लेकीला वेदीपर्यंत कोण नेणार?

लग्नघरात महिनोन्‌महिने राबणारी आई ऐन विधीच्या वेळी कुठे असते? पती हयात असेल तर त्याच्या शेजारी, पाटावर. पती गेलेला असेल तर अनेक घरांत ती लांब, दाराच्या चौकटीशी उभी असते. कन्यादानाला दीर-जाऊ बसतात आणि जन्म देणारी मागून अक्षता टाकते. ही रीत फक्त हिंदू घरांतली, असा पुष्कळांचा समज असतो. पण पिढ्यान्‌पिढ्या शेजाराने राहणाऱ्या माणसांच्या रीती एकमेकांच्या घरात शिरतातच. देऊळ वेगळं असलं म्हणून ‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न वेगळा होत नाही.

वसईकडच्या एका मराठी कॅथलिक कुटुंबात थोरल्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा हाच पेच उभा राहिला. केळीच्या वाड्यांमधलं लहानसं चर्च. बाकांच्या दोन रांगा आणि त्यांच्या मधून वेदीकडे जाणारी वाट. त्या वाटेवरून वडील नवरीला हाताला धरून नेतात, हे सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. या नवरीचे वडील ती दहावीत असतानाच वारले होते. आईने पहाटेची गाडी पकडून, दादरच्या बाजारात फुलं विकून दोन्ही मुलांना शिकवलं. धाकट्या काकांनीही पुतणीच्या फीसाठी कधी हात आखडता घेतला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात काका म्हणाले, ‘‘वहिनी, उद्या पोरीला मी आत नेतो. तुम्ही निवांत बाकावर बसा.’’

आई नुसती ‘बरं’ म्हणाली. काकांच्या मनात काही वावगं नव्हतं. गेलेल्या भावाची जागा भरून काढणं त्यांना आपलं कर्तव्य वाटत होतं. पण नवरी मात्र गप्प बसली नाही.

‘‘काका, मला आईनेच न्यावं असं वाटतं.’’

मांडवातली कुजबुज थांबली. एक आत्या पटकन म्हणाली, ‘‘अगं, शुभकार्य आहे. असं कधी झालंय का?’’

शेवटी तालमीसाठी चर्चमध्ये गेल्यावर नवरीने फादरांनाच विचारलं. त्यांचं उत्तर साधं होतं, ‘‘मुलगी कुणी कुणाला देत नाही, बाळ. तू स्वतः येतेस. सोबत कोण, ते तू ठरव.’’

हे उत्तर नुसतं समजुतीचं नव्हतं, त्याला आधार आहे. कॅथलिक चर्चचा विवाहविधी १९६९ साली सुधारून प्रसिद्ध झाला. त्यात कन्या देण्याचा भागच नाही. मिरवणुकीने वेदीकडे जायचं असेल, तर धर्मगुरूंच्या मागून वधू आणि वर दोघांनी जावं आणि स्थानिक रीतीप्रमाणे त्यांचे आईवडील व दोन साक्षीदार सोबत असावेत, अशी त्यात सोय आहे. ‘फादरांनी लग्न लावलं’ असं आपण सहज म्हणतो. पण वसईची मंडळी ज्या लॅटिन परंपरेतली आहेत, तिच्या शिकवणीनुसार हा संस्कार वधू-वरच एकमेकांना देतात. धर्मगुरू चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात आणि स्वीकारतात. लग्न होतं ते त्या दोघांच्या होकाराने.

मग वडिलांनी कन्या सोपवण्याचं ते चित्र आलं कुठून? इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकात ही स्त्री कोण देत आहे, असा प्रश्न विवाहाच्या वेळी विचारला जाई. इंग्रजी सिनेमांनी ते दृश्य घरोघरी पोचवलं. तरीही १६६२ च्या आवृत्तीत वधूचा हात वडिलांच्या ‘किंवा स्नेह्याच्या’ हातून घ्यावा, असंच म्हटलं आहे. म्हणजे जिथे सोपवण्याची प्रथा होती, तिथेही वडिलांवाचून काही अडत नव्हतं.

आईला मागे ठेवण्याची सवय मात्र कायद्यातही दिसते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा. परवानाधारक पाळकांनी लावायच्या लग्नांबाबत, एकवीस वर्षांखालच्या वधू-वरांसाठी पालकांच्या संमतीचा जो क्रम त्यात घातला आहे, त्यात आधी वडील, ते नसतील तर कायदेशीर पालक आणि तोही नसेल तरच आई! लेकराला वाढवण्यात पहिली असणारी आई कागदावर तिसरी.

लग्नाच्या सकाळी आणखी एक प्रश्न निघाला, साडीचा. पती गेल्यापासून आईने फिकट रंगांखेरीज काही नेसलं नव्हतं. लेकीने तिच्यासाठी जांभळ्या रंगाची रेशमी साडी आणली होती. आई घडीवरून हात फिरवत बसून राहिली. तेव्हा ऐंशीच्या घरातली आजी, म्हणजे तिची सासू, पुढे आली आणि म्हणाली, ‘‘नेस गं. माझा लेक असता तर त्याने हीच आणली असती.’’

घंटा झाली. मायलेकी हातात हात घालून आत आल्या. आईची पावलं पहिल्या दोन बाकांपर्यंत अडखळली, नंतर सरळ पडली. कुणी काही म्हणालं नाही. आत्यासुद्धा डोळे पुसत होती.

आणि काका? विवाहाला दोन साक्षीदार लागतात, हे चर्चचा नियमही सांगतो आणि कायदाही. वेदीसमोर उभं राहून दोघांचा होकार ऐकायचा आणि नोंदवहीत सही करायची. नवरीने तो मान काकांना दिला. सही करताना त्यांचा हात जरा थरथरला, पण अक्षर नेहमीसारखंच टपोरं आलं.

पुष्कळ घरांत धर्म आणि रीत यांची गल्लत होते. ‘आपल्यात असं चालत नाही,’ असं कुणी म्हणालं की आपण ते शास्त्र समजून मान डोलावतो. अशा वेळी गुरुजींना, पाळकांना, फादरांना सरळ विचारावं. बऱ्याचदा बंधन धर्माचं नसतं, नुसत्या सवयीचं असतं. मात्र सवय मोडताना माणूस मोडू नये, हेही पाहावं. वर्षानुवर्षं आधार दिलेल्या दिराला, मामाला बाजूला न सारता त्याच्यासाठी दुसरा मान शोधता येतो. मानाच्या जागा वाटून घेतल्याने कमी होत नाहीत.

आपल्या घरात कार्य निघालं असेल, तर पत्रिकेचा मजकूर ठरवण्याआधी एवढा विचार जरूर करावा. जिने सगळं उभं केलं, ती त्या दिवशी कुठे उभी असणार आहे?